मान टाकलेली मेथी

परवा सुनेनं दुकानातून पानांची एक डबी आणली. पारदर्शक प्लास्टिक, आत हिरवी-तांबडी मिसळ पानं, धुतलेली, पुसलेली, एकावर एक नीट निजवलेली. माझ्यापुढं ठेवत म्हणाली, "आई, हे कच्चंच खायचं असतं बरं का. थंडीतली पानं आहेत, तब्येतीला चांगली." सून गुणाची आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही, पण त्या घडीला मला असा राग आला म्हणता! कच्ची पानं कशी खायची ते मला शिकवायला निघाली. अगं बाई, हिवाळा लागला की अख्खं लहानपण मी शेळीसारखी पानांवर तुटून पडत होते. दोन पानं तोंडात टाकून बघितली. कडूपणा नाही, तिखटपणा नाही, वाससुद्धा नाही. डबी तशीच सरकवली, गच्चीवर गेले आणि तेलाच्या जुन्या डब्यात लावलेली माझी मेथी मूठभर खुडून आणली. म्हटलं, बस इथं, आता घोळाणा करून दाखवते. तो खाता खाता ती म्हणाली, "हे कुणी शिकवलं तुम्हाला?" आणि मग दिवसभर माझं कशात लक्ष लागलं नाही.

शिकवलं मोठ्या मायनं. मोठी माय म्हणजे माझ्या वडलांच्या थोरल्या भावाची बायको, गोदावरी. काका मी पाळण्यात असतानाच वारले, आणि लेकरू तिला झालं नव्हतं. जिंतूरहून येलदरीकडं जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या अंगाला आमचं गाव. माळवदाचं घर, पुढं गोठा, मागं परस. घरात माणसं चारच: अण्णा, म्हणजे माझे वडील, माझी माय, मी, आणि या तिघांवर हुकमत चालवणारी मोठी माय. उंच, हाडापेरानं दणकट, आणि आवाज असा की ती परसातून बोलली तर रस्त्यावरचा माणूस "काय म्हणालात?" म्हणून थांबायचा. माझी माय तिला चळचळा कापायची. अण्णा स्वतः घरात खाकरून यायचे. मी तेवढी भीत नव्हते, कारण माझ्यावर ती ओरडली तरी त्या ओरडण्यात मला माया ऐकू यायची. कुणी म्हणेल, ही म्हातारपणाची साखर आहे. असेल. पण लहानपणीही मला ती तशीच वाटायची, हे मी छातीवर हात ठेवून सांगते.

परभणी म्हटलं की बाहेरच्या लोकांना नुसतं ऊन आठवतं. त्यांनी एकदा संक्रांतीच्या आगेमागे आमच्या गावात पहाटे उठून दाखवावं. धरणाकडून धुई यायची ती थेट गोठ्यात शिरायची, म्हशीच्या पाठीवर ओल दिसायची. अशा वेळी घरातला पहिला आवाज चुलीतल्या पऱ्हाट्यांचा. कापूस वेचून झाल्यावर उपटलेल्या त्या वाळक्या काड्या, एक मूठ आत सारली की तडतड तडतड पेटायच्या. मग मायच्या भाकरीची थपथप. मी चुलीच्या इतक्या जवळ बसायचे की मोठी माय म्हणायची, "आता काय चुलीत उतरतीस का, भवाने?" पहिली भाकर तव्यावरून उतरली की ती माझी, आणि तिच्याबरोबर घोळाणा. मेथीची कोवळी पानं हातानं जाडी-भरडी तोडायची, कांद्याची पात, करडईची पानं असतील तर चार, वर शेंगदाण्याचं कूट, तिखट, मीठ, आणि सगळ्यावर करडईच्या तेलाची कच्ची धार. बोटांनी हलकंच कालवायचं, चुरगळायचं नाही. दात कळवळतील अशी गार पानं आणि जीभ पोळेल अशी भाकर! लिहितानासुद्धा तोंडाला पाणी सुटलं.

ही पानं यायची परसातून. घराच्या मागं न्हाणीचं पाणी वाहून जायचं, त्याला मोठ्या मायनं बारीक पाट काढून दिला होता, आणि त्या पाटाच्या दोन्ही अंगांना तिचे वाफे. दिवाळी सरली की ती मेथी, पालक, चुका, मुळा, कोथिंबीर, करडई टाकायची. सगळं बी एकदम कधीच नाही. जिंतूरच्या बाजाराचा दिवस आला की चिमटभर, पुढच्या बाजाराला आणखी चिमटभर. त्यामुळं आमच्याकडं शिमग्यापर्यंत कोवळं पान कधी तुटलं नाही. कडेनं मिरची, वांगी, आणि कुडावर वालाचा वेल. तिचे कायदेही होते. भाजी मुळापासून उपटायची नाही, नखानं वरून खुडायची. दंव उतरल्याशिवाय पानाला हात लावायचा नाही. दिवे लागले की परसाचं दार बंद, कारण भाजी निजते. आणि सगळ्यात कडक कायदा विटाळाचा. बाजूला बसलेल्या बाईनं वाफ्यात पाय ठेवायचा तर सोडाच, परसाच्या दारात उभंसुद्धा राहायचं नाही. सावली पडली तर भाजी जळते. माझी माय त्या दिवसांत गोठ्याच्या पडवीत पोत्यावर बसायची आणि मोठी माय तिला लांबून भाकर सरकवायची. हे तेव्हा कुणाला खुपत नव्हतं. सगळ्या गावात तसंच होतं.

आणि तिचा हात. गोदाबाईच्या हाताला बरकत हाय, असं गाव म्हणायचं, आणि नुसतं म्हणायचं नाही तर मानायचं. दिवाळीनंतर बायका आपापलं बी पदरात बांधून तिला बोलवायला यायच्या. पहिली चिमट गोदाबाईनं टाकायची, मग घरच्यांनी. ती कमरेला पदर खोचून घरोघर जायची, आणि येताना अशी तोऱ्यात यायची की काही विचारू नका. नवरा गेलेल्या, लेकरू नसलेल्या बाईला त्या काळी कुठल्याही शुभकामात पुढं उभं राहू देत नसत. हळदीकुंकवाला नाही, डोहाळजेवणाला नाही. पण बी टाकायला मात्र तीच लागायची. तिचा एवढा एक मान होता, आणि तो तिनं मातीत बोटं घालून मिळवला होता. मला त्या वाफ्यांचा असा लळा लागला होता की शाळेतून आले की दप्तर फेकून आधी परसात. मैत्रिणी सागरगोटे खेळायच्या, मी गवत काढायचे. मोठी माय म्हणायची, "सुमे, तुझा हात माझ्यावाणी निघल बग." जगात मला याहून मोठी शाबासकी माहीत नव्हती.

त्या वर्षी भोगीच्या आदल्या दिवशी दुपारी मी मेथीच्या वाफ्यात बसून गवत काढत होते. पोटात सकाळपासून दुखत होतं, ते मी हिरव्या बोरांवर ढकललं होतं. उठायला गेले तर परकराला डाग. मला वाटलं, विळा लागला. धावत मायकडं गेले. तिनं बघितलं, कपाळावर हात मारला आणि मला पडवीत नेऊन पोत्यावर बसवलं. नेमकी त्याच वेळी शेजारची चंद्रभागाकाकू ताक मागायला आली. चंद्रभागाकाकूला दिसत नाही असं काही गावात घडत नसे. "शाणी झाली का गं सुमी? अन् आता कुठून आली, परसातून का?" माय घाईनं ताक आणायला वळली, तेवढ्यावरून काकूला कळायचं ते कळलं. मोठी माय शेतातून आल्यावर तिलाही कळलं. ती पडवीच्या खांबाशी आली, माझ्याकडं बघत उभी राहिली, मग म्हणाली, "पोट दुखायलंय का?" मी मान हलवली. तिनं गरम विटकर फडक्यात गुंडाळून माझ्याकडं सरकवली आणि गेली. वाफ्याबद्दल अक्षर काढलं नाही. त्यामुळं मला जास्तच धास्ती वाटली.

त्या संध्याकाळी उत्तरेकडून असा झोंबरा वारा सुटला की म्हशीसुद्धा एकमेकींना टेकून उभ्या राहिल्या. मग वारा पडला आणि थंडी जमिनीला बसली. सकाळी मी उठले ती मायच्या रडण्यानं. पडवीतून घराच्या आरपार परसाचं दार समोर दिसायचं, ते सताड उघडं होतं. वाफ्यांवर मीठ पसरावं तसं दंव गोठलं होतं. मिरच्या आणि वांगी काळी पडली होती, वालाचा वेल उकडून काढल्यासारखा कुडावर लोंबत होता. आणि माझी मेथी, पालक, चुका, कोथिंबीर, सगळ्यांनी मान टाकली होती. जमिनीला चिकटून, लोळागोळा. एक काडी म्हणून उभी नव्हती.

भोगीचा दिवस. भोगीच्या मिसळ भाजीत हिरवा पाला लागतोच, आणि तो न्यायला निम्मी गल्ली आमच्याकडं यायची. डोक्यावरून न्हालेल्या, ओल्या केसांच्या बायका पाट्या घेऊन एकेक करत परसात आल्या आणि जागच्या जागी थबकल्या. चंद्रभागाकाकू पुढं होती. तिनं पाटी खाली ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "काल ऐन वाफ्यात बसून शाणी झाली पोरगी. जळनार न्हाई तं काय व्हईल? गोदाबाईचा एवढा बरकतीचा हात, त्याच्यावर पानी फिरवलं." कुणी तरी चुकचुकलं. कुणी तरी म्हणालं, हिचा पाय आता कुणाच्या खळ्यात, कुणाच्या वाफ्यात पडू देऊ नका बाई. मी पडवीत गुडघ्यात डोकं घालून सगळं ऐकत होते. मला कळत होतं की हे एका भोगीपुरतं राहणार नाही. वाईट हाताची पोरगी, हे एकदा चिकटलं की सोयरिकीला येणारा पाहुणासुद्धा आधी तेच विचारतो. आणि सोयरीक गेली खड्ड्यात, मला त्या वाफ्यात परत कधीच जाता येणार नव्हतं. त्याचं मला जास्त रडू येत होतं.

अण्णा दारातून म्हणाले, "वैनी, उपटून म्हशीला घालतो. कायला नजरंसमोर ठेवायचं?" ते वाकलेसुद्धा. तेवढ्यात मोठी माय कडाडली, "हात लावायचा न्हाई कुनी!" अण्णा तसेच ताठ झाले. ती चंद्रभागाकाकूकडं वळली. "चंद्रे, तुझ्या वाफ्यात काय हाय आज?"

"काय असनार? आमचा बी जळाला. सकाळीच उपटून शेळ्यांला घातला."

"व्हय का? मग तुझ्या वाफ्यात आमची सुमी कवा येऊन बसली व्हती?"

दोघी-चौघी खुदकन हसल्या. पण काकू हार जाणारी नव्हती. म्हणाली, "शिव एकच हाय की. बांधाला बांध लागून हाय. विटाळ काय कुडाला अडतो का?" आणि गंमत म्हणजे यावर बायकांनी माना डोलावल्या! आज मला हसू येतं. तेव्हा मला ते पटलं होतं, हे त्याहून हसण्यासारखं आहे. मीच सगळ्या गावाची भाजी मारली, असं मला खरोखर वाटत होतं.

मोठी माय पडवीत आली. मला वाटलं, आता मारती. तिनं माझं मनगट धरलं. धरलं म्हणजे शिवली! माझी माय ओरडली, "बाई, अहो बाई, शिवायलाव तुमी तिला!" मोठ्या मायनं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. मला ओढत परसात नेलं, बायकांच्या मधून, आणि मेथीच्या वाफ्याच्या मधोमध, दोन ओळींच्या फटीत उभं केलं. "हितंच उभी ऱ्हा. हलायचं न्हाई, रडायचं न्हाई. उन वर येऊ द्या. हिच्या सावलीनं भाजी जळायची आसंल तं समद्यांच्या डोळ्यांदेखत जळू द्या." मग स्वतः कडेच्या दगडावर बसली, मिसरीची डबी काढली आणि निवांत मिसरी लावायला लागली.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. गोठलेल्या मातीत अनवाणी उभी होते, पाय बधिर झाले होते, पोटात कळा येत होत्या, आणि पुढं ओल्या केसांच्या बायका जत्रेतलं बघावं तशा बघत होत्या. कुणी गेलं नाही, तेवढं मात्र खरं. माझी माय तोंडात पदर कोंबून दारात. सूर्य गोठ्याच्या छपरावर आला, मग कुडावर, मग वाफ्याच्या पलीकडच्या टोकाला. दंवाचं पाणी झालं. पानं आधी होती त्याहून केविलवाणी दिसायला लागली, ओली, गळालेली. चंद्रभागाकाकू पाटी उचलत म्हणाली, "झालं का बगून?" मोठी माय म्हणाली, "घाई आसंल तं जा की." ती गेली नाही.

आधी पलीकडच्या टोकाची करडई हलली. मला वाटलं, वारा असेल. वारा नव्हता. मग पालकाचं एक पान देठापासून हळूहळू वळायला लागलं, झोपेतून उठणाऱ्या लेकरानं कूस बदलावी तसं. एक बाई म्हणाली, "अगं बया!" ऊन माझ्या पायांपर्यंत आलं तेव्हा मी खालीच बघत होते. माझ्या अंगठ्याशी मेथीची एक काडी जमिनीला चिकटलेली होती. तिचा शेंडा सुटला. मग वर आला, थरथरला, आणि उभा राहिला. मग तिच्या शेजारची. मग माझ्या दोन्ही पायांना लागून, परकराच्या खाली, माझ्या सावलीत, होय, माझ्या सावलीतसुद्धा, अख्खी ओळ उठली. मिरच्या-वांगी गेली ती गेलीच, त्यांना थंडी सोसत नाही. पण माझ्या या सगळ्या हिरव्या पानांनी उन्हाला तोंड वर केलं. मला रडायचं नाही म्हणून बजावलं होतं, पण मी भोकाड पसरलं.

मोठी माय उठली. तिला एवढ्यावर थांबायचं नव्हतं. "खूड," ती मला म्हणाली, "दंव उतरलं. खूड अन् दे समद्यांला." मी मूठभर मेथी खुडली आणि हात पुढं केला. त्या हातातून घ्यायला कोण पुढं येणार? उठलेली भाजी सगळ्यांनी बघितली होती, तरी एकही पाटी पुढं सरकेना. माझा हात तसाच हवेत. मोठ्या मायनं माझ्या मुठीतून दोन काड्या ओढल्या, तोंडात घातल्या, सगळ्यांकडं बघत चावल्या आणि गिळल्या. म्हणाली, "आजून पोरगी बाजूलाच बसलेली हाय, बरं का. तिच्याच हातची हाय. ज्याला नको त्यानं बिनपाल्याची भोगी करावी. गावात दुसऱ्या कुनाच्या वाफ्यात पान शिल्लक हाय का बगा." नव्हतंच. सगळ्यांनी पहाटेच्या पहाटे उपटून जनावरांना घातलं होतं, ऊन यायची वाट कुणी बघितलीच नव्हती. शेवटी पहिली पाटी कुणाची पुढं आली असेल? चंद्रभागाकाकूचीच. तोंड वाकडं करून म्हणाली, "टाक गं. देवाच्या नैवेद्याला नेत न्हाई, नुसती घरात खायला." मोठी माय म्हणाली, "टाक तिला, जरा जास्तच टाक." मग बाकीच्यांनी पाट्या पुढं केल्या. मी खुडत गेले. त्या वर्षी गल्लीत ज्यांनी ज्यांनी भोगीची भाजी खाल्ली, त्यांनी माझ्या हातची खाल्ली, आणि कुणाचं पोटसुद्धा दुखलं नाही.

दुपारी जेवताना तिनं मला पडवीत पाठवलं नाही. चुलीपाशी आपल्या शेजारी बसवलं. तीळ लावलेली बाजरीची भाकर, मिसळ भाजी, लोण्याचा गोळा. माझी माय अजून घाबरलेली होती, पण वाढत होती. आमच्या घरात त्या दिवसानंतर पडवीतलं पोतं पुन्हा कुणासाठी अंथरलं गेलं नाही, आणि त्याबद्दल मोठी माय कधी एक शब्द बोलली नाही. मी घास घेता घेता तिला विचारलं, "मोठी माय, तुला ठाव होतं ना, भाजी उठल म्हणून?"

"कशाचं ठाव?" ती म्हणाली. "थोड्याथोडक्या गारठ्यानं मान टाकती अन् उन आलं की उठती, तेवढं म्हाईत व्हतं. पन असलं दंव मी बी जल्मात बघितलं न्हाई. मिरच्या गेल्या, वांगी गेली. मला बी वाटलं, हे बी गेलंच."

माझा घास हातातच राहिला. "अन् उठली नसती तं?"

"न्हाई तं काय?" तिनं भाकरीचा तुकडा मोडला. "म्हनले असते, सकाळी उठून मीच दंवात हात घातला. माझ्याच हातानं मेली. आता गोदाचा हात बाद झाला, बोलवू नका तिला बी टाकायला." आणि भाजीत तुकडा बुडवून वर म्हणाली, "एवढं डोळं फाडून काय बगायलीस? तुला जल्म काढायचाय आजून. माझं काय, दोन चिमटा कमी टाकल्या असत्या."